पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या तयारीला आलात? आधी दिवस बसवा

पदवीचे निकाल लागले की बीड, लातूर, परभणी, नांदेड, सोलापूर, जळगावकडची पोरं-पोरी एक सॅक आणि गादीची वळकटी घेऊन पुण्यात उतरतात. सदाशिव, नारायण, शनिवार नाहीतर नवी पेठ. कॉट बेसिसवर जागा, कोपऱ्यावरची मेस, दोन गल्ल्या सोडून अभ्यासिका. पहिल्या आठवड्यातले प्रश्न ठरलेले असतात: क्लास कोणता लावू, पुस्तकं कोणती घेऊ, जेवण कुठे बरं मिळतं? शास्त्री रोडवरचा कुठलाही चहावाला या तिन्हींची उत्तरं देईल.

जो प्रश्न सहसा कुणी विचारत नाही तो वेगळा आहे. कॉलेजात हजेरी होती, घरी आई हाक मारायची. इथे सकाळपासून रात्रीपर्यंत तुम्ही काय करता हे बघणारं कुणीच नाही. तुम्ही अकराला उठलात तरी जगाचं काही अडत नाही. मग दिवस चालवायचा कसा? हा लेख तेवढ्यापुरता आहे. अभ्यासक्रम, पुस्तकांची यादी, टॉपरच्या नोट्स यातलं काही इथे मिळणार नाही.

दिवसावर एवढा भर का, ते आधी सांगतो. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या (एमपीएससी) राज्यसेवेची २०२४ ची पूर्व परीक्षा मुळात २८ एप्रिलला होती. मग ती ६ जुलैवर गेली, मग २१ जुलै, मग २५ ऑगस्ट. ऑगस्टची तारीख बँक भरतीच्या आयबीपीएस परीक्षेच्या दिवशीच आली, पोरं शास्त्री रोडवर येऊन बसली, आयोगाने तीही तारीख पुढे ढकलली आणि परीक्षा शेवटी झाली १ डिसेंबरला. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, २८ सप्टेंबरची पूर्व परीक्षा अतिवृष्टी आणि पुरामुळे ९ नोव्हेंबरवर गेली. ज्यांचा सगळा अभ्यास तारखेला टेकून उभा होता, ते प्रत्येक परिपत्रकाबरोबर आडवे झाले. तारीख, पदसंख्या, कट ऑफ यातलं काहीही तुमच्या हातात नाही. उद्या सकाळी सात वाजता तुम्ही कुठे बसलेले असाल, हे मात्र आहे.

पहिला आठवडा: फक्त नोंद

नवीन माणूस पहिल्याच रात्री एक वेळापत्रक बनवतो. पहाटे चारला उठणं, बारा तास अभ्यास, योगासनं, वर्तमानपत्र, रात्री उजळणी. रंगीत पेनांनी, भिंतीवर. ते साधारण तिसऱ्या दिवशी मोडतं आणि भिंतीवरचा कागद रोज टोमणे मारत राहतो.

पहिले सात दिवस काहीच ठरवू नका. खिशात मावेल अशी छोटी वही घ्या आणि घडेल ते लिहा: कधी उठलो, अभ्यासिकेत कधी पोचलो, पुस्तक प्रत्यक्षात कधी उघडलं, चहाला किती वेळ गेला, मोबाईल किती वेळ हातात होता. लिहिताना स्वतःला रागवू नका, फक्त लिहा.

आठवड्याने वही उघडली की एक गोष्ट हमखास दिसते. खुर्चीवरचे तास आणि अभ्यासाचे तास यांत मोठी दरी असते. अभ्यासिकेत दहा तास काढणाऱ्याचा खरा अभ्यास पाच तासही भरत नाही, असं सर्रास होतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण टपरीवर कुणी 'मी चौदा तास करतो' म्हणून सांगू लागला तर त्याच्याकडे कोणत्या नजरेने बघायचं, ते मात्र कळतं.

या नोंदीतून तुमच्या डोक्याची चांगली वेळही सापडते. काहींचं डोकं सकाळी सातला चालतं, काहींचं रात्री नऊनंतर. पहाटे चारला उठणं हा काही गुण नाही. रात्री दीडला झोपून चारला उठणारा दुपारी राज्यघटनेवर डोकं ठेवून घोरतो. अभ्यासिकेत दुपारी अडीचला एक चक्कर मारा, दिसेल.

दुसरा आठवडा: तीन वेळा पक्क्या करा, बाकीचं मोकळं सोडा

उठण्याची वेळ, अभ्यासिकेत बसण्याची वेळ आणि दिवा बंद करण्याची वेळ. एवढ्या तीनच. मधल्या वेळात कोणता विषय किती तास, हे सध्या बदलत राहिलं तरी चालेल.

वेळ ठरवताना खोलीचा विचार करा. खोलीत चार कॉट, एक बाथरूम, पाणी ठरावीक वेळेला, आणि एक जण रात्री एकपर्यंत दिवा लावून बसणारा असेल, तर तुमची पहाटेची पाचची वेळ कागदावरच राहणार. रूममेटशी पहिल्याच आठवड्यात बोलून घ्या: मोठा दिवा किती वाजता बंद, आंघोळीला कोण आधी, फोनवर बोलायचं ते बाहेर. नंतर भांडण्यापेक्षा हे सोपं. तुमचा टेबल-लॅम्प आणि कानात घालायचे बोळे यांवरचा खर्च वाया जात नाही.

आता महत्त्वाचं. 'मी रोज सातला बसेन' हा नुसता संकल्प झाला. त्याला एखादी रोज घडणारी गोष्ट जोडा: 'अंघोळ करून चप्पल घातली की मी थेट अभ्यासिकेत जाईन, टपरीवर थांबणार नाही. चहा नऊला.' किंवा 'मेसमध्ये ताट ठेवून हात धुतले की खोलीवर न जाता सरळ खुर्चीवर.' पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने या 'असं झालं की मी तसं करेन' पद्धतीवर बरंच काम केलं आहे. त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक छोटा अहवाल लिहून पाठवायचा होता. तो कधी आणि कुठे बसून लिहिणार हे ज्यांनी आधीच ठरवलं, त्यांच्यापैकी कितीतरी जास्त जणांनी तो वेळेत पाठवला. इच्छा दोन्ही गटांना होती. फरक जागा आणि वेळ ठरवण्याचा होता.

दुपारच्या जेवणानंतर खोलीवर 'फक्त दहा मिनिटं' पाठ टेकणं, ही पेठेतली सगळ्यात महागडी सवय आहे. झोप हवीच असेल तर अभ्यासिकेतच टेबलावर डोकं टेकून वीस मिनिटं घ्या. कॉटवर पडलात की साडेपाच झालेच समजा.

सुरुवात अगदी लहान ठेवा, हसू येईल इतकी लहान. सात वाजता बसायचं आणि कमीत कमी पंचवीस मिनिटं उठायचं नाही, एवढंच. पुढे मन लागलं तर बसा तीन तास. नाही लागलं तरी त्या दिवसाचं काम झालं.

'एकवीस दिवसांत सवय लागते' असं क्लासमधले सर सांगतील. त्या आकड्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या निरीक्षणात आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना बदललेल्या रूपाची सवय व्हायला निदान एकवीस दिवस लागतात, असं ते म्हणत होते. 'निदान' हा शब्द वाटेत गळून गेला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे तपासलं. खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एखादी साधी सवय अंगवळणी पडायला मध्यम हिशेबाने ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. म्हणून बाविसाव्या दिवशी उठताना जीवावर आलं तर आपल्यात काही कमी आहे असं समजू नका. जून-जुलैत सुरुवात केली असेल तर गणपती-नवरात्राच्या सुमारास थोडं आपोआप व्हायला लागेल.

मोबाईल

यावर फार उपदेश करत नाही, सगळ्यांनी ऐकलेला आहे. तीन कामं करा.

अभ्यासिकेत लॉकर असेल तर फोन त्यात ठेवा. नसेल तर बंद करून बॅगेत तळाशी. टेबलावर पालथा ठेवलेला फोनही लक्ष खातो.

तयारीचे टेलिग्राम चॅनल दोनच ठेवा आणि ते दिवसातून एकदा, जेवणानंतर बघा. बाकी शंभर चॅनलवर दिवसभर एकच चालतं: तारीख कधी, जागा किती, कट ऑफ किती जाईल, अमुक सरांनी काय सांगितलं. जाहिरात असो वा वेळापत्रक, आयोगाच्या संकेतस्थळावर आलं तरच खरं. ते आठवड्यातून दोनदा बघितलं तरी अर्ज भरायची मुदत चुकत नाही.

घरी फोन करायची वेळ ठरवा. रात्री जेवणानंतर साडेआठ, म्हणजे साडेआठ. आईला ती वेळ कळली की तिचाही जीव टांगणीला लागत नाही आणि तुम्हालाही भर अभ्यासात 'जेवलास का' ऐकून गहिवरून यायचं काही कारण उरत नाही.

तिसरा आठवडा: पुस्तक मिटून लिहिणे

एखादीच सवय लावायची ताकद असेल तर ही लावा. शिस्त म्हणजे नुसतं बसणं असं वाटत असतं, पण बसून काय करता यावर पुढची दोन वर्षं ठरतात. हायलायटर फिरवत वाचणं सुखाचं असतं. सगळं ओळखीचं वाटतं. परीक्षेत मात्र ओळखीचं वाटून भागत नाही, आठवावं लागतं.

२००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहून काढणारे स्पष्टपणे पुढे गेले. आपल्या परीक्षा आठवड्यांनी नव्हे, महिन्यांनी होतात. कधी कधी ठरल्यापेक्षाही उशिरा.

करायचं असं. रोज रात्री अभ्यासिका सोडण्याआधी वीस मिनिटं पुस्तक बंद. कोऱ्या पाठकोऱ्या कागदावर दिवसभरात जे वाचलं ते आठवेल तसं लिहा: मुद्दे, कलमं, सनावळ्या, नद्यांचे उगम, काहीही. अडलं की तेवढी जागा मोकळी सोडून पुढे जा. शेवटी पुस्तक उघडा आणि मोकळ्या जागा लाल पेनने भरा. उद्या सकाळी सातला बसलात की पहिली पंचवीस मिनिटं याच लाल ओळींना द्या. म्हणजे 'आज कुठून सुरू करू' या प्रश्नावर सकाळ जात नाही.

सुरुवातीला कागद जवळपास कोरा राहील. त्याने मन खट्टू होतं, आणि नेमक्या याच कारणाने लोक ही सवय सोडून परत हायलायटर धरतात. आपल्याला येत नाही हे रोज रात्री वीस मिनिटं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि दुसऱ्या दिवशी तरीही यायचं. चिवटपणा याच वीस मिनिटांत तयार होतो. कोणाच्या प्रेरणादायी भाषणाने तो आलेला मी तरी पाहिलेला नाही. भाषणाचा असर दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या जेवणापर्यंत राहतो.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून यूपीएससीच्या धर्तीवर वर्णनात्मक झाली आहे. नऊ पेपर, गुणवत्तेसाठी धरले जाणारे १७५० गुण आणि वर मुलाखतीचे २७५. म्हणजे हात चालला पाहिजे. दुसऱ्या महिन्यापासून या वीस मिनिटांच्या जोडीला रोज एक उत्तर घड्याळ लावून लिहा. वाईट लिहिलं तरी पूर्ण लिहा. बऱ्याच जणांनी पदवीनंतर सही सोडून पेनने काही लिहिलेलं नसतं. तीन तास सलग लिहायला बोटं तयार करावी लागतात, त्याला शॉर्टकट नाही.

आणखी एक छोटी सवय सीसॅटची. पूर्व परीक्षेचा हा दुसरा पेपर फक्त पात्रतेचा, २०० पैकी ३३ टक्के म्हणजे ६६ गुण पुरतात. 'पुरतात' म्हणूनच तो शेवटच्या महिन्यावर ढकलला जातो आणि पहिल्या पेपरात चांगले गुण असलेली मुलं इथे अडकतात. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो हेही आहेच. रोज दुपारी, डोकं जड असताना, दोन उतारे सोडवा. परीक्षेतही तो पेपर दुपारचाच असतो.

शरीर

पर्वती जवळ आहे, पायऱ्या १०३, फी नाही. आठवड्यातून चार-पाच दिवस सकाळी किंवा संध्याकाळी चढून या. जमत नसेल तर सारसबागेभोवती अर्धा तास भरभर चाला. जिमची वर्षाची फी भरून मोकळं होऊ नका, आधी महिनाभर पर्वती करून दाखवा.

झोप सात तास. दिवसा वाचलेलं पक्कं करायचं बरंचसं काम मेंदू झोपेत करतो, त्यामुळे झोप कापून वाढवलेले तास बऱ्यापैकी पाण्यात जातात.

मेसचं बघा. रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी सुट्टी, ही इथली रीत. त्यामुळे रविवारची संध्याकाळ वडापाव, मग चहा, मग गप्पा, मग उशिरा झोप, आणि मेलेला सोमवार, अशी उतरंड लागते. रविवारी रात्री काय खायचं ते शनिवारीच ठरवा. खोलीवर पोहे, दूध, केळी, शेंगदाणे असू द्यात. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण बहुतेकांचा आठवडा रविवारी रात्री आठ वाजताच बिघडतो.

खर्चाचं दोन ओळींत: रोज रात्री त्याच छोट्या वहीत दिवसाचा खर्च लिहा आणि महिन्याच्या एक तारखेला खोली, मेस, अभ्यासिका यांचे पैसे आधी देऊन टाका. पंचवीस तारखेला मित्राकडे हात पसरावा लागला की पुढचे चार दिवस अभ्यासात मन नसतं.

विस्कटलेला दिवस आधीच आखून ठेवा

चांगल्या दिवसाचं वेळापत्रक सगळेच बनवतात. वाईट दिवसाचं बनवा.

ताप येईल. बहिणीचं लग्न निघेल. पेरणीला, नाहीतर सोयाबीन काढायला चार दिवस गावी जावं लागेल. पेठेत राहता म्हणजे गणपतीच्या आधी कित्येक आठवडे संध्याकाळी ढोल-ताशांचा सराव ऐकू येईल, आणि विसर्जनाची मिरवणूक तर लक्ष्मी, केळकर, कुमठेकर आणि टिळक रोडवर रात्रभर चालून दुसऱ्या दिवसापर्यंत जाते. या गोष्टी अचानक येत नाहीत. तरी दरवर्षी पोरं म्हणतात, 'गणपतीत गॅप पडली.' मग ती गॅप दसऱ्यापर्यंत लांबते.

म्हणून एका कागदावर तुमचा किमान दिवस लिहून ठेवा. किमान म्हणजे तापातही, एसटीतही, लग्नघरातही होईल एवढाच. उदाहरणार्थ: दहा बहुपर्यायी प्रश्न, पाठकोऱ्या कागदावर दहा ओळी, आणि ठरलेल्या वेळी झोप. बस्स. अर्ध्या तासाचं काम. त्या दिवशी वहीत 'किमान' असं लिहून तारखेवर खूण करा. तो दिवस वाया गेलेला नाही, मोजलेला आहे.

गावी जाताना सोबत तीन जाड पुस्तकं नेऊ नका. ती बॅगेतून बाहेर निघत नाहीत आणि परत येताना पुस्तकांपेक्षा मनावरचं ओझं जास्त होतं. प्रश्नांची एक पुस्तिका न्या. गणपतीच्या दहा दिवसांसाठी संध्याकाळचा अभ्यास सकाळी सरकवा, आणि आरतीला जायचं असेल तर बिनधास्त जा. विसर्जनाच्या दिवशी अभ्यास होणार नाही हे आधीच मान्य करा आणि मिरवणूक बघा. पुण्यात राहून ती न बघणं हा काही त्याग नव्हे.

एखाद्या दिवशी किमानही झालं नाही तर? काही करू नका. लॅली यांच्या अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नव्हता. धोका त्या दिवसाचा नाही, भरपाईचा आहे. 'काल राहिलं म्हणून आज चौदा तास' असं ठरवणारा आज सहा तासांवर थकतो, उद्या उठत नाही, आणि परवा त्याला सगळंच नव्याने सुरू करायचं असतं. शक्यतो सोमवारपासून, नाहीतर एक तारखेपासून. चुकलेलं चुकलं. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी नेहमीच्या खुर्चीवर, नेहमीएवढाच अभ्यास. मी एकच नियम कडक ठेवायला सांगेन: सलग दोन दिवस किमानाच्या खाली जायचं नाही.

माणसं

अमेरिकेतल्या हवाई बेटांपैकी काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी पुढे चाळीस वर्षं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आजारपण अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं मोठेपणी व्यवस्थित उभी राहिली. त्यांच्यात जे समान होतं, त्यात एक गोष्ट ठळक होती: निदान एक भरवशाचं माणूस, मग ती आजी असो, शेजारी असो की शिक्षक. चिवटपणा एकट्याच्या छातीतून निघतो असं आपल्याला वाटतं, ते फारसं खरं नाही.

पेठेत माणसांची कमी नाही, निवडीची आहे. तीन-चार जणांचा गट पुरे. त्यात तुमच्यापेक्षा जास्त शिस्तीचा एक तरी असावा आणि तुम्ही आला नाहीत तर 'कुठे आहेस' असा मेसेज टाकणारा एक. दहा जणांचा गट झाला की अभ्यास संपतो आणि चर्चा सुरू होते. चहा दिवसातून दोनदा, उभ्याने, पंधरा मिनिटं.

प्रत्येक टपरीवर चार-पाच अटेम्प्ट दिलेले एक दादा असतात. त्यांना सगळं माहीत असतं: कोणता पेपर कुणी काढला, कुठे घोटाळा झाला, कोणाची पोस्ट कशी निघाली. त्यांचा अनुभव खरा असतो आणि त्यांच्याकडून प्रश्न वाचायची, सोडवायची रीत शिकण्यासारखी असते. तेवढी शिका. कडवटपणाही त्याच कपातून मिळतो, तो टपरीवरच राहू द्या.

घरच्यांशी सुरुवातीलाच स्पष्ट बोला. त्यांना 'परीक्षा कधी, निकाल कधी' एवढेच दोन प्रश्न सुचतात, कारण दुसरं काही विचारायचं ते तुम्ही सांगितलेलंच नसतं. 'पप्पा, या महिन्यात भूगोल संपवतोय' असं सांगायला लागा. पुढच्या फोनवर ते भूगोलाचं विचारतील.

तारीख पुढे गेली, किंवा यादीत नाव नाही

हे दोन्ही होणार असं धरूनच चला आणि काय करायचं ते आत्ताच लिहून ठेवा. त्या दिवशी डोकं चालत नाही.

तारीख पुढे गेली की पहिला दिवस मोकळा. रागवा, बोला, आंदोलनाला जायचं तर जा. मार्च २०२१ मध्ये तीन दिवसांवर आलेली परीक्षा पुढे ढकलली तेव्हा पोरं रस्त्यावर उतरली आणि दहा दिवसांत परीक्षा झाली, हेही खरं आहे. दुसऱ्या दिवशी किमान दिवस. तिसऱ्या दिवसापासून नेहमीची खुर्ची. मिळालेल्या वेळात नवीन पुस्तक घेऊ नका, पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकात त्या दिवशी फिरकूही नका. जुन्याच पुस्तकांच्या लाल ओळी पुन्हा बघा.

निकालात नाव नसेल तर आठवडाभर गावी जाऊन या. परत आल्यावर पहिलं काम: उत्तरतालिका समोर ठेवून चुकलेल्या प्रश्नांचे चार ढीग करा. माहीतच नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही, आणि उगाच ठोकला. प्रत्येक ढिगाचा उपाय वेगळा आहे. शेवटचे दोन ढीग मोठे असतील तर नवा क्लास लावून काही होणार नाही, घड्याळ लावून सरावच करावा लागेल. हे करायला एक दुपार पुरते, आणि ती दुपार टाळण्यासाठी लोक वर्षभर नशिबाला बोल लावतात.

दोन आठवडे झाले तरी झोप लागत नाही, जेवण जात नाही, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, सगळं संपल्यासारखं वाटतं, असं असेल तर तो शिस्तीचा प्रश्न राहिलेला नाही आणि सवयींनी तो सुटणारही नाही. सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, फुकट चालते, मराठीत बोलता येतं. रूममेटमध्ये असं काही दिसलं तर त्याच्या शेजारी बसून तुम्हीच फोन लावा.

शेवटची तारीख आजच लिहा

राज्यसेवेला खुल्या गटासाठी वयोमर्यादा ३८ आहे, मागासवर्गीयांसाठी ४३. आयोगाने एवढी मोठी सवड दिली म्हणून ती सगळी वापरायलाच हवी असं नाही. किती प्रयत्न, किती वर्षं, किती पैसे, हे पहिल्याच महिन्यात, डोकं थंड असताना ठरवा. सोबत दुसरी वाटही लिहा: कम्बाइन (आयोगाची गट-ब, गट-क पदांची संयुक्त परीक्षा), बँक, जिल्हा परिषदेच्या जागा, नाहीतर पदवीच्या बळावर मिळणारी साधी नोकरी. त्या वाटेसाठी लागणारं एखादं कौशल्य आठवड्यातून तीन तास शिकत राहा, मग ते टायपिंग असो, एक्सेल असो की इंग्रजी बोलणं. दुसरी वाट ठेवली तर पहिलीवर मन लागत नाही, असं क्लासवाले म्हणतात. मी उलटंच पाहिलंय. पायाखाली काहीतरी आहे हे माहीत असलेला उमेदवार पेपरात कमी घाबरतो.

त्या कागदावर तारीख टाका, सही करा, एक फोटो काढून घरातल्या एखाद्या भरवशाच्या माणसाला पाठवा, आणि ती तारीख आली की त्यांनी आठवण करून द्यायची असं आत्ताच सांगून ठेवा.